पोच घेतलीस का? मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी: मोठ्या कंपनीकडे तक्रार कशी करायची

चार वर्षांपूर्वी आम्ही लालबागची खोली सोडून कांदिवलीला राहायला आलो. जुन्या घरचं इंटरनेट बंद करायला सांगितलं, कंपनीचा मुलगा येऊन राउटर घेऊन गेला आणि पुढच्या महिन्यात बिल आलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही आलं. बाबा रोज सकाळी चहा झाला की फोन स्पीकरवर टाकून बसायचे. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ धरून ते आकडा शोधायचे, तोवर पलीकडून वेळ संपल्याचं सांगितलं जायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका सकाळी ते त्या रेकॉर्ड केलेल्या आवाजालाच म्हणाले, "अहो ताई, जरा ऐकून तर घ्या."

मी ओट्यापाशी डबा भरत होते. बाबांनी आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांचं ऐकून घेतलं होतं. त्यांच्यावर यंत्राला विनवायची वेळ यावी याचं मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्यांनी मला एकच विचारलं, "राउटर नेताना त्या मुलाकडून पोच घेतलीस का?" मी घेतली नव्हती.

तुम्ही साताऱ्याहून, लातूरहून, चिपळूणहून नोकरीसाठी मुंबईत आला असाल, तर पहिल्या दोन महिन्यांतच तुमचा संबंध अशा पाच-सहा कंपन्यांशी येतो. सिमकार्ड, पगाराचं खातं, वायफाय, वीजबिल, ऑनलाइन मागवलेली गादी. तालुक्याच्या गावी बँकेतला माणूस निदान तुमच्या काकांना ओळखत असतो. इथे काही बिघडलं की कुणाला धरायचं तेच कळत नाही, आणि आठवडाभर फोनवर गाणं ऐकून माणूस म्हणतो, जाऊ दे, पाचशे रुपयांचा तर प्रश्न आहे. तेवढ्यासाठी सोडू नका. मला सात महिने लागले तेव्हा कळलं की बँका, दूरसंचार, विमा, ऑनलाइन विक्री अशा बहुतेक मोठ्या धंद्यांत कायद्याने आणि नियमांनी कंपनीला एक तरी माणूस नाव जाहीर करून तक्रारीसाठी बसवायला लावलं आहे. कुठे त्याला तक्रार निवारण अधिकारी म्हणतात, कुठे नोडल अधिकारी, कुठे अपील प्राधिकारी. त्याच्यापर्यंत लेखी पोचायचं, एवढंच आपलं काम. कस्टमर केअर हा त्याच्याकडे जायचा जिना आहे. जिन्यात बसून राहायचं नाही.

पहिली पायरी: नंबर बरोबर आहे का ते बघा

कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं इंटरनेटवर शोधलं की वर जे येईल त्यावर फोन लावू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, लगेच परतावा देतो म्हणतो, आणि एखादं अॅप उतरवून घ्यायला सांगतो, ज्यातून त्याला तुमचा स्क्रीन दिसतो. नंबर घ्यायचा तो बिलावरचा, डेबिट कार्डाच्या मागचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या अॅपमधला. परतावा मिळण्यासाठी तुम्हाला यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगतो तो चोर आहे.

चुकून पैसे गेलेच तर त्या क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठल्या यंत्रणेत घोटाळा झाला, आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. उशीर झाला की जबाबदारी वाढत जाते.

दुसरी: फोन करा, पण वही उघडी ठेवून

फोन उचलणारी मुलं बहुतेक आपल्यासारखीच असतात. मालाडच्या, ऐरोलीच्या मोठ्या इमारतींत पाळ्यांमध्ये बसलेली, समोर ठरलेली वाक्यं आणि प्रत्येक कॉलला लागलेलं घड्याळ. तुमचं बिल रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडे बहुधा नसतो. त्यांच्यावर ओरडून हाती काही लागत नाही, आणि ते बरंही नाही. माझी भाची असल्या नोकरीत दोन वर्षं होती. घरी आली की तासभर कुणाशी बोलायची नाही.

त्यांच्याकडून घ्यायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: तक्रार क्रमांक, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल ती मुदत. हे तारीख-वेळेसकट वहीत उतरवा, बोलणाऱ्याचं नावही लिहा. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. मेसेज येईल म्हणाले तर तो येईपर्यंत लाइनवर थांबतो असं नम्रपणे सांगा. "तुमची शंका नोंदवली आहे" हे वाक्य ऐकलंत तर लगेच विचारा, शंका म्हणून नोंदवली की तक्रार म्हणून? बऱ्याच ठिकाणी या दोन्हींच्या नोंदी वेगळ्या असतात, आणि नुसत्या शंकेवर वरच्या माणसाकडे दाद मागताना अडचण येते.

अॅपमध्ये चॅट करत असाल तर खिडकी बंद करण्याआधी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढा. नंतर ते सापडेलच असं नाही. यंत्राचंच उत्तर येत राहिलं तर 'एजंट' असं टाइप करून बघा, पुष्कळदा माणूस जोडला जातो.

भाषेचंही सांगते. मराठीचा पर्याय असेल तर तोच निवडा, संकोच करू नका. पैशाचा हिशोब मांडताना माणूस परक्या भाषेत अडखळतो, आणि अडखळला की समोरचा घाईने विषय मिटवतो.

तिसरी: लिहून द्या

एक फोन झाला, मुदत संपली, काम झालं नाही. यापुढे फोन बंद. पाचव्यांदा फोन केलात तर पाचवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारणार. माझे सात महिने इथेच गेले.

ईमेल लिहा, आणि अगदी कोरडा लिहा. मी पहिला ईमेल दोन पानांचा लिहिला होता. त्यात बाबांचं वय होतं, माझा संताप होता, 'तुम्हाला लाज वाटत नाही का' असंही होतं. उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बाबांनी तो वाचला आणि म्हणाले, यात तुला काय हवंय ते कुठे लिहिलंय? मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिला, तो साधारण असा होता:

"दिनांक अमुक रोजी मी आपली इंटरनेट जोडणी बंद करण्यास कळवले. विनंती क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी आपल्या प्रतिनिधीने राउटर परत नेला. त्यानंतरही मला दोन बिले आली आहेत. माझी मागणी अशी: दोन्ही बिले रद्द करावीत आणि माझी अनामत रक्कम रु. २,००० माझ्या खात्यात जमा करावी. पंधरा दिवसांत हे न झाल्यास मी अपील प्राधिकाऱ्यांकडे व ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सोबत: बिलांच्या प्रती, तक्रार क्रमांकांची तारखेनुसार यादी."

तारखा, आकडे, मागणी, मुदत. ग्राहक क्रमांक विषयाच्या ओळीतच टाका. मनस्तापाची भरपाई हवी असेल तर तीही एका ओळीत, आकड्यासह मागा.

मुंबईत राहण्याचा एक फायदा घ्या. कितीतरी मोठ्या कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालयं याच शहरात आहेत, फोर्टला, लोअर परळला, वांद्रे-कुर्ला संकुलात. पत्ता बिलावर बारीक अक्षरात असतो. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा, एक आवक विभागात द्या, दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. बँकेच्या शाखेतही असंच करा. सुरक्षारक्षकाने दारातूनच परत पाठवलं तर वाद घालू नका, त्याच पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा काढून ठेवा.

समाजमाध्यमांवर कंपनीला उद्देशून लिहिलं की कधी कधी लवकर हालचाल होते, हे खरं आहे. तिथे फक्त तक्रार क्रमांक लिहा. मोबाइल नंबर उघड्यावर टाकलात की कंपनीच्या नावाची खोटी खाती टपूनच बसलेली असतात.

चौथी: नाव असलेला माणूस

आता प्रत्येक ठिकाणी हा माणूस कुठे बसतो ते बघू. खरी ताकद इथे आहे आणि नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

ऑनलाइन खरेदीचं आधी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक अशा कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. हे नाव पानाच्या अगदी तळाशी, अटी आणि गोपनीयतेच्या दुव्यांमध्ये दडलेलं असतं. शोधायला वेळ लागतो, पण सापडतं. ईमेल त्याच्या नावाने पाठवा आणि ४८ तासांच्या नियमाचा उल्लेख करा.

बँकेत आधी शाखा, मग नोडल अधिकारी, त्याचं नाव संकेतस्थळावर. लेखी तक्रार केल्यापासून तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शुल्क नाही. २०२१ पासून देशभरासाठी एकच योजना आहे, तक्रार ऑनलाइन करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. रिझर्व्ह बँक आपल्या फोर्टात आहे म्हणून कागद घेऊन तिथे जाऊ नका. टपालाने करायच्या तक्रारींसाठी केंद्र चंदीगडला केलेलं आहे. आणि तीस दिवस थांबल्याशिवाय थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते, म्हणून तो शिक्का मारलेला अर्ज जपून ठेवायचा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ती आपणहून परत करायची आहे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. मी हे अर्जात लिहून दोघांना पैसे मिळवून दिले आहेत. लिहिलं नसतं तर मूळ रक्कम तेवढी आली असती.

मोबाइल आणि इंटरनेटसाठी २०१२ पासून दोन पायऱ्या आहेत. पहिली तक्रार केंद्राची, तिथे तक्रारीचा डॉकेट क्रमांक मिळतो. मोबाइलवरून १९८ लावला तरी चालतं. तिथे समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करायचं. ते फुकट आहे आणि ३९ दिवसांत निकाली काढायचं बंधन आहे. अपील हा शब्द ऐकून लोक घाबरतात, वकील लागेल असं वाटतं. तो एक साधा ईमेल असतो. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, व्यक्तिगत तक्रारी पाठवण्यात वेळ घालवू नका. ते नियम करतात, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत.

मोबाइल कंपनीच बदलायची असेल तर १९०० वर 'पोर्ट' आणि आपला नंबर इंग्रजीत मेसेज करा. मुंबई हे दूरसंचाराच्या दृष्टीने महाराष्ट्रापासून वेगळं क्षेत्र आहे. म्हणून गावाकडचा नंबर मुंबईत वळवायला पाच कामकाजाचे दिवस लागतात, मुंबईतल्या मुंबईत तीन. हा मेसेज गेला की आजवर न भेटलेला माणूस कंपनीकडून आपणहून फोन करतो, असा माझा अनुभव आहे.

विम्याचं थोडक्यात: आधी विमा कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. दावा नाकारल्याचं पत्र फेकू नका, मुदत त्या तारखेपासून मोजतात आणि ती एक वर्षाची आहे.

वीज. इथे नवखा माणूस गोंधळतो, कारण मुंबईत वीज देणारं एकच कुणी नाही. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, काही ग्राहक टाटा पॉवरचे, आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. त्यामुळे ऑफिसातला मित्र सांगेल तो नंबर तुमच्या कामाचा असेलच असं नाही, बिल बघा. कंपनीकडे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. भाडेकरूंनी मात्र मालकाकडून दोन ओळींचं संमतिपत्र आधीच घेऊन ठेवावं. बिल मालकाच्या नावावर असतं, आणि नेमकं त्याच मुद्द्यावर काउंटरवरून परत पाठवतात.

पाचवी: १९१५

हे कंपनीच्या बाहेरचं पहिलं दार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीतही बोलतात. व्हॉट्सअॅपही आहे, नंबर ८८००००१९१५. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. पण ही तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते, एवढ्याने पुष्कळ कामं होतात. कागदपत्रं जोडल्याशिवाय नोंदवू नका.

इथे कुणीतरी शेजारी बसून समजावून सांगावं असं वाटत असेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे. १९७५ पासून ही संस्था विलेपार्ल्यातून काम करते. तिथले कार्यकर्ते तक्रारदाराचे कागद वाचून मार्गदर्शन करतात. जाताना कागद तारखेनुसार लावून न्या. त्यांचा वेळ वाचतो आणि आपलंही डोकं साफ होतं.

शेवटची: ग्राहक आयोग

लोक याला अजून ग्राहक न्यायालय किंवा मंच म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने त्यात एक मोठा बदल झाला. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुंबई उपनगरचा आयोग वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात. मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करण्याची सोय आहे.

मोबाइल कंपन्या पूर्वी म्हणायच्या की आमच्यावर ग्राहक आयोगाचा अधिकार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा निकालात काढला. चालतो.

वेळेबद्दल मात्र खोटी आशा देत नाही. कायद्यात विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने म्हटलं आहे, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. म्हणून आधी पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा. पुष्कळ प्रकरणं त्या नोटिशीवरच मिटतात, कारण दोन हजारांसाठी वकील उभा करणं कंपनीलाही परवडत नाही.

आमचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. अपिलाचा ईमेल गेला, त्याला पोच आली, आणि अठराव्या दिवशी दुपारी बाबांचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या, मराठीत बोलत होत्या, त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. राउटर परत आल्याची नोंद त्यांच्या गोदामात होती, बिलिंगवाल्यांना कुणी कळवलंच नव्हतं. दोन्ही बिलं रद्द केली आहेत, अनामत आठ दिवसांत जमा होईल, झालेल्या त्रासाबद्दल माफ करा. बाबांनी मधे एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला, वही पुढे ओढली आणि म्हणाले, "आभारी आहे, ताई. आता एवढंच मला ईमेलवर लिहून पाठवा."